अर्धा टिपू

२३ मे २०२३. लंडनमध्ये म्हैसूरच्या टिपू सुलतानाची तलवार लिलावात निघाली आणि सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. पंधरा दिवसांनी कोल्हापुरात टिपू आणि औरंगजेबाच्या मोबाईल स्टेटसवरून दगड उडाले, लाठ्या चालल्या, इंटरनेट बंद झालं.

तिकडे पैसे झाले. इकडे काचा फुटल्या.

टिपू मेला ४ मे १७९९ रोजी, श्रीरंगपट्टणच्या तटाशी, इंग्रजांशी लढताना. सव्वादोनशे वर्षं झाली. ज्या दुकानाचं शटर वाकलं, त्या दुकानदाराचा या लढाईशी संबंध काय? आणि गाव कुठलं, तर कोल्हापूर. जिथे शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली.

शाहूंचं काम विसरायला एक स्टेटस पुरलं.

मोबाईलवर टिपू दोनच प्रकारांत मिळतो. एक, तलवार उपसलेला स्वातंत्र्यवीर. दुसरा, तलवार उपसलेला धर्मांध. तलवार दोन्हीकडे आहे. ती कुणावर उपसली, हे मात्र फॉरवर्ड करणारा ठरवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन्ही चित्रं अर्धी आहेत, आणि अर्धा इतिहास हा खोटाच इतिहास असतो. पटत नसेल तर टिपू जिथे खरोखर वावरला त्या गावांतून एक चक्कर मारू. तिथल्या माणसांना त्याची आठवण आहे. आपल्याला फक्त मतं आहेत.

पहिला मुक्काम मंगळूर.

इथले कोकणी बोलणारे कॅथलिक मूळचे बरेचसे गोव्याकडचे. पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, दुष्काळ, मराठ्यांच्या स्वाऱ्या यांना कंटाळून त्यांचे पूर्वज दक्षिणेला सरकले. १७८४ च्या फेब्रुवारीत टिपूने त्यांना घराघरांतून उचललं. राखेच्या बुधवारी, उपासाचा काळ सुरू होताना, असं परंपरा सांगते. आरोप एकच, तुम्ही इंग्रजांना मदत केली. बायका-मुलांसकट घाट चढवून त्यांना श्रीरंगपट्टणला नेलं. किती जण? तीस हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत आकडे सांगितले जातात. वाटेत किती पडले, किती बाटवले गेले, याच्या कहाण्या तिथल्या घरांत अजून सांगतात. जे जगले, त्यांतल्या बहुतेकांची सुटका टिपू मेल्यावरच झाली.

आणि याच काळात टिपूच्या फौजेत फ्रेंच होते. तेही कॅथलिकच.

या घरांतल्या आजीला सांगून पाहा, टिपू सर्वधर्मसमभावी होता म्हणून. जमेल?

पण मंगळूरजवळच फरंगीपेठ आहे. तिथलं मोंते मारियानो चर्च वाचलं. तिथल्या पाद्र्याचा टिपूच्या वडिलांशी, हैदर अलीशी, स्नेह होता म्हणून वाचलं, असं सांगतात. एक बाप आणि एक पाद्री यांची ओळख, तेवढ्यावर एक चर्च उभं राहिलं.

पुढे कोडगू.

डोंगराळ मुलूख, हट्टी माणसं. म्हैसूरचं राज्य त्यांनी कधी मनापासून मानलं नाही. पुन्हा पुन्हा उठाव केले. टिपूने पुन्हा पुन्हा चिरडले. माणसं धरून नेली, कैदेत टाकली, बाटवली. आकड्यांवर वाद आहेत. माणसं नेली आणि बाटवली, यावर नाही. देवट्टिपरंबू या जागी कोडवा लोक आजही आपल्या मेलेल्यांची आठवण जागवतात.

त्याच कोडगूत कोडवा मापिळे नावाचा छोटा समाज आहे. त्या काळात मुसलमान झालेल्यांचे वंशज. धर्म बदलला, पण घराण्याचं कोडवा नाव अनेकांनी सोडलं नाही.

आता या समाजातल्या माणसाने टिपू जयंतीला हार घालायचा की काळा झेंडा दाखवायचा? बंगळुरातल्या मंत्र्याला हा प्रश्न पडला नाही. मुंबईतल्या पुढाऱ्याला तर पडणारच नाही.

तिसरा मुक्काम मेलुकोटे.

म्हैसूरजवळचं वैष्णवांचं क्षेत्र. इथल्या मंड्यम अय्यंगार घराण्यांत नरकचतुर्दशीला दिवाळी करत नाहीत. टिपूने त्या दिवशी आपल्या माणसांची कत्तल केली, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. म्हैसूरच्या जुन्या वोडेयार राजघराण्यातल्या राणी लक्ष्मम्मणी टिपूविरुद्ध इंग्रजांशी संधान बांधून होत्या आणि त्या कटात याच समाजातली माणसं होती, म्हणून हा सूड. कागदी पुरावा तोकडा आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या पणती न लावणं हाही एक पुरावाच असतो, दुःखाचा.

त्याच मेलुकोट्याच्या देवळात टिपूने दिलेली सोन्याचांदीची भांडी आहेत.

एकाच गावात. एकाच राजाची. देवासमोर त्याचं भांडं, घरासमोर अंधार.

कर्नाटक सरकारने टिपू जयंती सुरू केली २०१५ मध्ये. दिवस निवडला १० नोव्हेंबर. त्या वर्षी १० नोव्हेंबरला काय होतं? नरकचतुर्दशी. कॅलेंडर प्रत्येक सरकारी कचेरीत टांगलेलं असतं. कुणी वर मान करून पाहिलं नाही. कोडगूतल्या मडिकेरीत दंगल झाली, माणसं जिवानिशी गेली.

जयंती कुणासाठी होती? मुसलमानांसाठी म्हणाल, तर त्यांच्या पदरात काय पडलं? ना शाळा, ना नोकरी. पडला तो पोलीस बंदोबस्त.

२०१९ मध्ये सरकार बदललं, जयंती रद्द झाली. २०२२ मध्ये म्हैसूर-बंगळूर धावणाऱ्या टिपू एक्स्प्रेसची वोडेयार एक्स्प्रेस झाली. त्याच वर्षी डिसेंबरात देवळांतल्या ‘सलाम आरती’चं नाव बदलायचं ठरलं. कोल्लूरच्या मूकांबिकेच्या देवळात संध्याकाळी ‘सलाम मंगळारती’ होत असे. टिपू इथे आला आणि देवीला सलाम करून गेला, अशी आख्यायिका. आता ‘आरती नमस्कार’ म्हणायचं.

गंमत नाही, चीड येते. एक सुलतान देवीपुढे वाकला, ही देवळानेच जपलेली आठवण. कुठल्या मौलवीने नाही, पुजाऱ्यांनी जपलेली. ती पुसून कुणाचा धर्म वाढला? देवी सुलतानापेक्षा मोठी, हेच तर ती आरती रोज सांगत होती!

असो. चौथा मुक्काम नंजनगूड.

इथे शंकराचं मोठं देऊळ, श्रीकंठेश्वर ऊर्फ नंजुंडेश्वर. विष पचवणारा तो नंजुंड. टिपूच्या लाडक्या हत्तीचे डोळे गेले, देवाला साकडं घातलं, हत्तीला दिसू लागलं. टिपूने हिरव्या दगडाचं लिंग अर्पण केलं. ते आजही देवळात दाखवतात. आणि देवाला नाव पडलं, हकीम नंजुंड. आख्यायिका खरी की खोटी, सोडा. शंकराला अरबी पदवी लागली आणि भक्तांनी ती काढली नाही, हे खरं.

पाचवा मुक्काम शृंगेरी. इथे आपण मराठी माणसांनी जरा खाली बसायचं.

१७९१. तिसरं म्हैसूर युद्ध चालू होतं. परशुरामभाऊ पटवर्धनांची मराठी फौज कर्नाटकात होती. त्यातल्या रघुनाथराव पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. आद्य शंकराचार्यांचा मठ. माणसं मारली. शारदेची मूर्ती जागची हलवली. स्वामींना कारकळला निघून जावं लागलं. लुटणारे कोण? शिवरायांचं नाव घेणाऱ्या राज्याच्या फौजेबरोबर आलेले.

स्वामींनी दाद मागितली कुणाकडे? टिपूकडे. मुलूख त्याचा होता.

टिपूची उत्तरं आली, कन्नड भाषेत. स्वामींना तो जगद्गुरू म्हणतो. अशा पवित्र जागी पाप करणाऱ्यांना फळ भोगावंच लागेल, असं लिहितो. आणि एक संस्कृत वचन देतो, अर्थ असा की माणूस कर्म हसत करतो आणि रडत भोगतो. बिदनूरच्या अंमलदाराला हुकूम जातो, स्वामींना २०० रहाती नाणी रोख द्या, सामान द्या, देवीची पुन्हा प्रतिष्ठापना करा. पुढच्या पत्रांत शतचंडी, सहस्रचंडी करायची विनंती. शत्रूच्या नाशासाठी.

त्या शत्रूंत पेशव्यांची फौजही होती.

ही पत्रं सव्वाशे वर्षं मठात गठ्ठा बांधून पडली होती. १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांच्या हाती लागली. मठाने ती जपली होती. आपण किती मराठी पुस्तकांत ही गोष्ट वाचली?

लगेच उत्तर येतं, ते पेंढारी होते, लमाण होते, पटवर्धनांनी हुकूम दिला नव्हता. मान्य. हुकूम नव्हता. पण पेंढारी आले कुणाबरोबर? लुटीला मोकळे सुटले कुणाच्या जोरावर? मंगळूरला टिपूच्या शिपायांनी केलं ते टिपूने केलं, आणि शृंगेरीला आपल्यांनी केलं ते पेंढाऱ्यांनी. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. हा इतिहास झाला का?

हे वाचून कुणी टाळ्या वाजवत असेल, तर त्यानेही थांबावं.

कारण दुसऱ्या बाजूचा लबाडपणाही तेवढाच जुना आहे. टिपूवर कुणी बोट ठेवलं की लगेच शृंगेरीचं पत्र फडकवायचं. बघा, देवळाला देणगी दिली! दिली. म्हणून कोडगूची माणसं परत येतात का? शृंगेरीचं पत्र हे देवट्टिपरंबूच्या प्रेतांवर टाकायचं पांघरूण नव्हे. शंकराचार्यांना २०० रहाती दिल्याने मंगळूरच्या पोरक्या पोरांचा हिशेब चुकता होत नाही.

मग हा माणूस होता तरी कसा?

फार अवघड नाही. जो आपल्या राज्यात निमूट राहिला, त्याच्या देवळाला भांडं. जो सीमेवर उठला किंवा उठेल असा संशय आला, त्याच्या घराला आग. अठराव्या शतकातले बहुतेक राजे असेच वागत. फरक एवढाच, टिपूने शिक्षा म्हणून धर्म बदलायला लावला. खंडणी देऊन माणूस मोकळा होतो, देव गमावून होत नाही. म्हणून त्याची शिक्षा सव्वादोनशे वर्षं दुखते. हे टिपूच्या चाहत्यांनी एकदा स्वच्छ कबूल करावं.

आणि टिपूच्या वैऱ्यांनी त्या काळच्या फौजा पाहाव्यात.

१७९० मध्ये टिपूविरुद्ध तिघे एकत्र आले. पुण्याचे पेशवे, हैदराबादचा निजाम आणि इंग्रज. एक हिंदू, एक मुसलमान, एक ख्रिस्ती. धर्मयुद्ध होतं, तर निजाम तिकडे काय करत होता? १७९२ मध्ये टिपू हरला. अर्धं राज्य गेलं, ३ कोटी ३० लाख रुपये दंड बसला, दोन लहान मुलगे इंग्रजांकडे ओलीस गेले. जिंकलेला मुलूख तिघांनी वाटून घेतला.

वाटणी करताना कुणी कुणाचा धर्म विचारला नाही.

त्याआधी १७८६ मध्ये टिपूने सावनूरच्या नवाबाचं राज्य घेतलं होतं. नवाब मुसलमान, वर हैदर अलीशी सोयरीक. पळून आसऱ्याला गेला कुणाकडे? मराठ्यांकडे. टिपूच्या कारभाराचा एक मोठा खांब होता पूर्णय्या. माध्व ब्राह्मण. टिपू पडल्यावर इंग्रजांनी म्हैसूरच्या गादीवर लहान वोडेयार राजा बसवला आणि दिवाण नेमला तोच पूर्णय्या. परशुरामभाऊही गेले १७९९ मध्येच. टिपूच्या नव्हे, कोल्हापूरकरांच्या फौजेशी लढताना, पट्टणकुडीला. पटवर्धन विरुद्ध छत्रपती. दोन्हीकडे हर हर महादेव.

आता सांगा, यातली कुठली ओळ मोबाईल स्टेटसमध्ये बसेल?

एक पक्ष अजून राहिला. इंग्रज. टिपू क्रूर होता हे जगभर ओरडून सांगायची गरज सर्वांत जास्त त्यांना होती, कारण राज्य त्यांना घ्यायचं होतं. श्रीरंगपट्टण पडलं त्या रात्री त्यांच्या शिपायांनी शहर लुटलं. टिपूचा लाकडी वाघ, इंग्रज शिपायाच्या नरड्यावर बसलेला, आज लंडनच्या संग्रहालयात आहे. टिपूची म्हणून सांगितलेली एक सोन्याची अंगठी २०१४ मध्ये लंडनला लिलावात विकली गेली. १ लाख ४५ हजार पौंडांना.

त्या अंगठीवर देवनागरीत एक शब्द कोरलेला आहे. ‘राम’.

ती कुणी केली, कुणी दिली, टिपूच्या बोटात का होती, यावर हवे तेवढे तर्क लढवा. अंगठी तुमच्या तर्कांत मावणार नाही. टिपूही मावत नाही. खरा माणूस कुणाच्याच घोषणेत मावत नसतो.

राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चित्रांनी सजवली. त्यात एका पानावर झाशीची राणी आहे. त्याच पानावर टिपू आहे. घटना करणाऱ्यांना मंगळूर माहीत नव्हतं, असं समजू नका. माहीत असूनही दोघांना एका पानावर बसवलं, कारण ते देश उभा करत होते. २०१७ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी कर्नाटकाच्या विधिमंडळात टिपूच्या लढून आलेल्या मरणाचा गौरव केला, तेव्हा सभागृहातले अर्धे बाकं वाजवत होते आणि उरलेले अवघडले. राष्ट्रपती चुकले का? नाही. तो लढून मेला, हे खरंच आहे.

कोडवांचा संताप चूक का? तोही नाही.

दोन्ही खरं असतं तेव्हा आपल्याला घाम फुटतो. एकच निवडायची सवय लागली आहे ना! वीर की राक्षस, आमचा की तुमचा, हार की चप्पल. आणि ही सवय आपल्याला कुणी लावली, तेही आपल्याला माहीत आहे. मत मागायला येणाऱ्याला अख्खा टिपू परवडत नाही. त्याला अर्धा लागतो. अर्ध्याच्या दोन बाजू होतात, आणि दोन बाजू झाल्या की मतपेटी भरते.

मुसलमान पोराला माझं सांगणं आहे. टिपूचा अभिमान वाटतो? वाटू दे. इंग्रजांपुढे मान न झुकवता मेलेला राजा अभिमान वाटावा असाच आहे. पण मंगळूर आणि कोडगू एकदा वाचून काढ, आणि त्या माणसांचं दुःख नाकारू नकोस.

हिंदू पोरालाही तेच सांगणं आहे. टिपूचा राग येतो? येऊ दे. राग यावा असं त्याने केलं. पण शृंगेरी एकदा वाचून काढ. आणि टिपूच्या पापाचा दंड शेजारच्या पंक्चरवाल्याकडून वसूल करू नकोस. तो म्हैसूरचा सुलतान नव्हता.

आणि पुढच्या वेळी मोबाईलवर टिपू आला, तर पाठवणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. शृंगेरी माहीत आहे? मंगळूर माहीत आहे? दोन्हींना ‘हो’ म्हणणारा माणूस दगड उचलत नाही. एकालाही ‘नाही’ म्हणाला, तर त्याचा निरोप पुढे पाठवू नका. आपल्या हातात एवढं आहे, आणि एवढं पुरेसं आहे.

कधी म्हैसूरला गेलात, तर श्रीरंगपट्टणला थांबा. कावेरीतलं जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट. रंगनाथस्वामीचं देऊळ टिपूच्या राजवाड्याला अगदी लागून होतं. राजवाड्याचा पाया तेवढा उरला, देऊळ उभं आहे, पूजा चालू आहे. टिपूने राज्य केलं ती सगळी वर्षं त्या देवळाची घंटा त्याच्या कानावर पडत होती. आणि त्याच वर्षांत, त्याच बेटावर, मंगळूरची आणि कोडगूची माणसं त्याच्या कैदेत होती.

घंटाही तिथेच होती. कैदीही तिथेच होते.